दहा बाय बाराच्या खोलीत गाणे ऐकताना: ध्वनिशोषक पॅनेल कशी निवडावीत

चांगले स्पीकर घरी आणल्यावरही गाणे दुकानात ऐकले होते तसे लागत नाही, डग्ग्याचा एखादाच घुमारा विनाकारण फुगून येतो आणि गायिकेचे शब्द एकमेकांत मिसळतात, या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा यंत्रांत नसून खोलीत असते. हे लक्षात आल्यावर नवखा श्रोता पॅनेल शोधू लागतो, आणि बाजारात त्याच्यासमोर सर्वांत आधी इंचभर जाडीचा टोकदार फोम किंवा ९ ते १२ मि.मी. जाडीची रंगीत पॉलिएस्टर पॅनेल येतात. ती भिंतींवर लावली की टाळीचा खणखणाट लगेच कमी होतो, त्यामुळे काम झाले असे वाटते. परंतु डग्गा पूर्वीसारखाच घुमत राहतो, केवळ वरचे स्वर दबतात आणि एकंदर ध्वनी अधिकच बोजड होतो. म्हणून पॅनेलची जाडी आधी ठरवावी, मग जागा, त्यानंतर संख्या आणि साहित्य, आणि रंग व आकार यांचा विचार अगदी शेवटी करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केलेला बरा. पॅनेल खोलीच्या आत होणारी परावर्तने कमी करतात. शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज ती थांबवत नाहीत. आवाज बाहेर जाऊ न देण्यासाठी जड भिंती, हवाबंद दारे-खिडक्या आणि बांधकामातील सांधे एकमेकांपासून वेगळे करणे असे निराळे उपाय लागतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेसाठी ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि कितीही पॅनेल लावली तरी ती पाळण्याचे काम आवाजाच्या बटणालाच करावे लागते.

खोली समजून घेणे

पुणे, ठाणे किंवा नाशिक येथील सदनिकेत सहज आढळणारी खोली उदाहरणादाखल घेऊ: लांबी १२ फूट, रुंदी १० फूट, उंची साडेनऊ फूट. खाली टाइल्स, चारही बाजूंना प्लास्टर केलेल्या भिंती, वर स्लॅब, एका बाजूला सरकत्या काचेची ॲल्युमिनियमची खिडकी आणि दुसऱ्या बाजूला सनमायका लावलेले कपाट. यांतील जवळजवळ प्रत्येक पृष्ठभाग गुळगुळीत आणि कठीण असल्यामुळे त्यावर आदळलेला आवाज फारसा न घटता परत फिरतो.

समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतर ज्या तरंगाच्या अर्ध्या लांबीइतके असते, त्या वारंवारितेला खोली स्वतःहून साथ देते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर आपल्या खोलीत लांबीमुळे ४७ हर्ट्झ, रुंदीमुळे ५६ हर्ट्झ आणि उंचीमुळे ५९ हर्ट्झ या ठिकाणी पहिले अनुनाद येतात, आणि त्यांच्या पटीत पुढचे. रुंदी व उंची यांचे अनुनाद अगदी लगत आल्याने त्या पट्ट्यातील खर्ज एका जागी फुगतो, तर चार पावलांवर तो जवळजवळ नाहीसाही होतो. साधारण २५० ते ३०० हर्ट्झच्या खाली अशा खोलीत या अनुनादांचीच सत्ता चालते. त्याच्या वर मात्र भिंतींवरून येणारी एकेक परावर्तने महत्त्वाची ठरतात. या दोन पट्ट्यांचे प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

खर्च करण्यापूर्वी आपल्या खोलीची तिन्ही मापे मीटरमध्ये घ्यावीत आणि ३४३ ला प्रत्येक मापाच्या दुपटीने भागावे. हाती आलेले तीन आकडे कागदावर लिहून ठेवावेत, कारण पुढच्या मोजणीत ते पुन्हा भेटणार आहेत. दोन मापे सारखी असतील, किंवा एक दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट असेल, तर कोपऱ्यांतील जाड शोषकांसाठी आधीच अधिक रक्कम बाजूला ठेवावी.

आधी मांडणी, मग मोजणी

पैसा न लागणारी पायरी म्हणजे मांडणी, आणि तिचा परिणाम अनेकदा दोन-चार पॅनेलांपेक्षा मोठा असतो. स्पीकर शक्यतो १० फुटी भिंतीसमोर ठेवावेत, म्हणजे ध्वनी खोलीच्या लांबीच्या दिशेने जातो. डाव्या स्पीकरचे डाव्या भिंतीपासूनचे आणि उजव्याचे उजव्या भिंतीपासूनचे अंतर सारखे असावे. ऐकणाऱ्याचे डोके मागील भिंतीपासून लांबीच्या सुमारे ३८ टक्क्यांवर, म्हणजे या खोलीत साधारण साडेचार फुटांवर, ठेवून सुरुवात करावी. हा आकडा म्हणजे अटळ नियम नव्हे; पुढेमागे वीतभर सरकून पाहणे अपेक्षितच आहे. मात्र दोन जागा कटाक्षाने टाळाव्यात: लांबीचा बरोबर मध्य, जिथे ४७ हर्ट्झचा खर्ज गळून पडतो, आणि मागील भिंतीला टेकलेला सोफा, जिथे तो सर्वाधिक फुगतो.

स्पीकर आणि त्यामागची भिंत यांतील अंतरही तपासावे. भिंतीवरून परत आलेला तरंग मूळ तरंगाला विरुद्ध कलेत, म्हणजे एकाचा चढ तिथे दुसऱ्याचा उतार असा, भेटला की एक पट्टा खचतो. हे अंतर ६० सें.मी. असल्यास तो खड्डा सुमारे १४३ हर्ट्झला पडतो, म्हणजे पुरुषी आवाजाच्या आणि तबल्याच्या भरदारपणाच्या नेमक्या जागी. स्पीकर थोडे पुढे-मागे केल्यास खड्डा सरकतो, आणि तो कुठे कमी जाचक ठरतो हे ऐकूनच ठरवावे लागते.

मांडणी पक्की झाली की मोजणी करावी. संगणकावर चालणारे ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि त्यासोबत यूएसबी जोडणीचा, कॅलिब्रेशनची (त्याच्या स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) फाइल असलेला मापन-मायक्रोफोन लागतो. मायक्रोफोन डोक्याच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवून २० ते २०,००० हर्ट्झची मोजणी घ्यावी. आलेखात दोन गोष्टी पाहाव्यात. ३०० हर्ट्झच्या खाली कोणती शिखरे आणि खड्डे आहेत, ही पहिली. तिथला ध्वनी विरायला किती वेळ लागतो, ही दुसरी. विरण्याचा आलेख ‘वॉटरफॉल’ या नावाने दिसतो आणि नवख्याने त्याकडेच अधिक लक्ष द्यावे, कारण कान बोजडपणा म्हणून जे ओळखतो ते बहुधा हे लांबलेले विरणेच असते. मायक्रोफोन घेणे तूर्त शक्य नसेल तर परिचयाचे तबल्याचे एकलवादन लावावे आणि खोलीत सावकाश फिरून डग्गा कुठे फुगतो, कुठे हरवतो, याची नोंद करावी. केवळ टाळी वाजवून निर्णय घेऊ नये. टाळीत खर्ज जवळपास नसतोच.

जाडी: निवडीचा गाभा

काचलोकर (ग्लासवूल) किंवा रॉकवूल (दगडापासून केलेले लोकर) यांसारख्या सच्छिद्र पदार्थात हवेचे कण तंतूंमधून ये-जा करताना घर्षण होते आणि ध्वनीची ऊर्जा अत्यल्प उष्णतेत बदलते. त्यासाठी हवेच्या कणांना तिथे वेग असायला हवा. भिंतीला अगदी लागून हा वेग शून्य असतो, आणि भिंतीपासून पाव तरंगलांबीवर तो सर्वाधिक असतो. १००० हर्ट्झच्या तरंगाची लांबी ३४ सें.मी., म्हणून पाव भाग साडेआठ सें.मी.; पण १०० हर्ट्झला लांबी ३.४ मीटर, आणि पाव भाग ८६ सें.मी. इंचभराच्या फोमला खर्ज का जुमानत नाही, याचे संपूर्ण उत्तर या दोन आकड्यांत आहे. फोमचा दर्जा, त्याची टोके किंवा त्याचे नाव यांनी त्यात फरक पडत नाही.

सुदैवाने उपयोगी शोषणासाठी पूर्ण पाव तरंगलांबीइतकी जाडी लागत नाही. व्यवहारात ५० मि.मी. जाडीचे पॅनेल थेट भिंतीवर लावल्यास ते ५०० हर्ट्झपासून वर उत्तम काम करते आणि २५० हर्ट्झच्या आसपास बऱ्यापैकी. तेच पॅनेल भिंतीपासून ५० मि.मी. पुढे, मागे हवा सोडून बसवले, तर कोणताही जादा खर्च न होता त्याची पोहोच खालच्या बाजूला वाढते. १०० मि.मी. जाडी आणि मागे तेवढीच हवा असेल तर ते १२५ हर्ट्झलाही अर्थपूर्ण मदत करते. म्हणून नवख्याने बाजूच्या भिंतींसाठी किमान ५० मि.मी. आणि हवेची पोकळी, शक्य असल्यास १०० मि.मी., आणि कोपऱ्यांसाठी १०० मि.मी. ते ३०० मि.मी. असे माप मनात धरावे. ५० मि.मी.पेक्षा कमी जाडीचे पॅनेल संगीत ऐकण्याच्या खोलीसाठी घेऊ नये, इतके मी स्पष्टपणे सांगेन.

विक्रेता ‘एनआरसी’ नावाचा एक आकडा सांगतो. २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या चार ठिकाणच्या शोषणाची ही सरासरी असते. तिच्यात २५० हर्ट्झच्या खालचे काहीही धरलेले नसल्यामुळे एनआरसी ०.९ असलेली दोन पॅनेल खर्जाच्या बाबतीत पूर्णपणे भिन्न असू शकतात. त्यामुळे वारंवारितेनुसार शोषणांक (० म्हणजे काहीच शोषण नाही, १ म्हणजे पूर्ण शोषण) दिलेला तक्ता मागावा आणि सर्वप्रथम १२५ हर्ट्झचा रकाना पाहावा. चाचणीच्या वेळी पॅनेल कसे बसवले होते हेही त्याच तक्त्यात असते: ‘ए’ म्हणजे थेट पृष्ठभागावर, तर ‘ई-४००’ म्हणजे मागे ४०० मि.मी. पोकळी ठेवून. दुसऱ्या पद्धतीचे आकडे छताखाली टांगलेल्या फॉल्स सीलिंगच्या टाइल्ससाठी योग्य असतात. तेच पॅनेल भिंतीला चिकटवणाऱ्याला त्यांतून काहीच कळत नाही. एखादा शोषणांक १ पेक्षा जास्त दिसला तर दचकू नये. पॅनेलच्या कडांमुळे चाचणीत असे घडते. ज्याच्याकडे असा तक्ता नाही त्याच्याकडून घेऊ नये.

जागा आणि संख्या

खोलीतील सर्व अनुनादांचा दाब कोपऱ्यांत एकवटतो, म्हणून पहिली जोडी तिथेच जावी. स्पीकरच्या मागच्या दोन उभ्या कोपऱ्यांत ६० सें.मी. रुंदीची, १०० मि.मी. जाडीची पॅनेल जमिनीपासून छतापर्यंत तिरकी बसवावीत. मागे आपोआप त्रिकोणी पोकळी तयार होते. ती पोकळीही हलक्या काचलोकराने भरली तर परिणाम आणखी वाढतो. मागचे दोन कोपरे मोकळे असतील तर तिथेही हेच करावे. दार किंवा कपाट आड येत असेल, आणि आपल्या घरांत ते हमखास येते, तर भिंत आणि छत यांच्या आडव्या कोपऱ्याचा उपयोग करावा, तो सहसा कुणी वापरत नाही.

त्यानंतर बाजूच्या भिंतींवरील पहिल्या परावर्तनाच्या जागा. ऐकण्याच्या जागी बसावे आणि दुसऱ्या व्यक्तीला हातभर आरसा बाजूच्या भिंतीला लावून सरकवत न्यायला सांगावे. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथून परावर्तन कानाशी येते, आणि पॅनेलचा मध्य तिथे, कानाच्या उंचीवर असावा. दोन्ही स्पीकर एकेका भिंतीत वेगवेगळ्या ठिकाणी दिसतात, म्हणून दर भिंतीला २ फूट बाय ४ फुटांची दोन पॅनेल लागतात. एका बाजूला खिडकी असेल तर तिथे दुप्पट कापड घेऊन दाट चुण्यांचा जड पडदा लावावा. तो पॅनेलची बरोबरी करत नाही, पण डावी-उजवी बाजू जवळ आणतो. पायांवर उभे राहणारे सुटे पॅनेल खिडकीसमोर ठेवणे त्याहून चांगले, आणि भाड्याच्या घरात तर सर्वच पॅनेल अशी करून घेता येतात.

मागची भिंत लहान खोलीत डोक्याच्या फार जवळ असल्याने तिथे जाड शोषकच हवा. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मान्फ्रेड श्रोएडर यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या गणितावर आधारलेले लाकडी डिफ्युझर, म्हणजे ध्वनी न शोषता विखुरणारी पॅनेल, देखणे असतात, पण त्यांच्यापासून काही अंतरावर बसले तरच विखुरलेला ध्वनी एकजीव होतो. साडेचार फुटांवर ते अंतर अपुरे आहे, तेव्हा हा खर्च इथे टाळावा. पुस्तकांनी भरलेले, कमीजास्त खोलीचे कपाट बाजूला असेल तर ते राहू द्यावे.

छतावरही परावर्तनाची जागा असते, पण आपल्याकडे तिच्या नेमकी आसपास पंख्याची पाती फिरत असतात. पंख्याच्या वर किंवा लगत काहीही टांगू नये. त्याऐवजी स्पीकर आणि आसन यांच्यामध्ये जाड गालिचा किंवा दुहेरी सतरंजी अंथरावी, मात्र पूर्ण खोलीभर नको. गालिचा फक्त वरचे स्वर शोषतो, आणि भिंतभर पॅनेल व खोलीभर गालिचा एकत्र आले की सतारीची जवारीच मरते.

एकूण किती पॅनेल लागतील, याचा अंदाज अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांच्या सूत्राने बांधता येतो. हार्वर्ड विद्यापीठातील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेले ऐकू येत नसे. ते सुधारण्यासाठी त्यांनी १८९५ पासून शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या आणून, त्या कमी-अधिक करत मोजण्या केल्या आणि निनादकाळाचे, म्हणजे आवाज थांबल्यावर त्याचा निनाद विरायला लागणाऱ्या वेळाचे, गणित बसवले. मीटरमध्ये मोजलेल्या घनफळाला ०.१६१ ने गुणावे आणि इच्छित निनादकाळाने भागावे. किती चौरस मीटर पूर्ण शोषण हवे ते मिळते. आपल्या खोलीचे घनफळ सुमारे ३२ घनमीटर आहे. निनादकाळ ०.४ सेकंद हवा असेल तर १३ चौरस मीटर शोषण लागते. पलंगावरची गादी, पडदा, सोफा, पुस्तके आणि बसलेली माणसे मिळून त्यांतले पाच-सहा चौरस मीटर देतात. उरलेल्या सात-आठ चौरस मीटरसाठी २ बाय ४ फुटांची, म्हणजे प्रत्येकी पाऊण चौरस मीटरची, नऊ-दहा पॅनेल पुरतात आणि त्यांत कोपऱ्यांतली पॅनेलही धरावीत. हे गणित मधल्या व वरच्या स्वरांसाठी आहे. खर्जाला ते लागू पडत नाही, तिथे मोजणीवरच विसंबावे. गादी नसलेल्या रिकाम्या खोलीत संख्या वाढेल, आणि शयनगृहच श्रवणखोली असेल तर कमी होईल.

साहित्य, कापड आणि बसवणी

१०० मि.मी. जाडीपर्यंत दर घनमीटरला ४८ किलो घनतेचे काचलोकर किंवा ४८ ते ६४ किलो घनतेचे रॉकवूल योग्य ठरते. ते औद्योगिक उष्णतारोधक साहित्याच्या दुकानात लाद्यांच्या रूपात मिळते. अधिक घनता म्हणजे अधिक शोषण, हा समज चुकीचा आहे. कोपरा ३० सें.मी. खोल भरायचा असेल तर उलट १२ ते २४ किलोचे हलके काचलोकर घ्यावे, कारण दाट लादीत ध्वनी आतवर शिरतच नाही.

पॉलियुरेथेन फोमविषयी माझा आक्षेप केवळ ध्वनीपुरता नाही. २००३ मध्ये अमेरिकेतील वेस्ट वॉरविक येथील ‘द स्टेशन’ क्लबमध्ये भिंतीवरील फोमने पेट घेतला आणि १०० माणसे गेली. २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारिया शहरातील ‘किस’ क्लबमध्ये तशाच आगीत २४२ जण मृत्युमुखी पडले. घरात विजेच्या वायरी, समई आणि उदबत्ती असतात, म्हणून अग्निरोधकतेचे प्रमाणपत्र नसलेला फोम भिंतीवर चढवू नये. रॉकवूल आणि काचलोकर हे खनिज तंतू असल्याने ते पेटत नाहीत. त्यांच्या तंतूंची भीती अनेकांना वाटते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात इन्सुलेशनसाठीच्या या दोन्ही प्रकारांना तिसऱ्या गटात, म्हणजे कर्करोगकारक म्हणून वर्गीकरण करता न येणाऱ्या गटात, ठेवले आहे. तरी कापताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच, कारण त्वचेला आणि घशाला खाज सुटते. लादी आधी पातळ नॉन-वोव्हन कापडात गुंडाळावी आणि मग वरचे कापड लावावे.

वरचे कापड हवा जाऊ देणारे असावे. ते तोंडाशी धरून फुंकर मारावी. फुंकर सहज आरपार गेली तर ध्वनीही जाईल. तागाचे कापड, मांजरपाट किंवा सैल विणीची खादी चालते. रेक्झिन चालत नाही, आणि जाड रंग दिलेला कॅनव्हासही नाही. पन्हाळीदार डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा व प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या) पट्ट्या आणि अंड्यांचे ट्रे ही सजावट आहे, शोषक नव्हेत.

चौकट सुताराकडून वाळवीप्रतिबंधक प्रक्रिया केलेल्या लाकडाची करून घ्यावी आणि मागची बाजू जाळीने किंवा कापडाने बंद करावी, फळीने नव्हे, नाहीतर हवेच्या पोकळीचा उपयोग संपतो. ५० मि.मी.च्या पॅनेलमधील काचलोकराचे वजन दोन किलोच्या आत भरते, १०० मि.मी.चे त्याच्या दुप्पट; तेव्हा रावळप्लग आणि दोन हुक पुरेसे होतात. नव्या इमारतींतील मिवान पद्धतीच्या काँक्रीटच्या भिंतीला मात्र साधे ड्रिल पुरत नाही, हॅमर ड्रिल लागते. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीची गळती आधी दुरुस्त करावी. कोकणपट्टीत आणि गोव्यात तर प्रत्येक पॅनेलमागे पोकळी ठेवावीच, आणि पावसाळ्यात अधूनमधून पॅनेल उतरवून मागे बुरशी धरली आहे का ते पाहावे.

सर्व पॅनेल एकाच दिवशी लावू नयेत. आधी कोपऱ्यांतली लावून पुन्हा मोजणी घ्यावी, आठवडाभर ऐकावे, मग बाजूच्या भिंती आणि शेवटी मागची भिंत. प्रत्येक वेळी मायक्रोफोन त्याच जागी आणि आवाज त्याच पातळीवर हवा, नाहीतर आधीचा आणि नंतरचा आलेख शेजारी ठेवण्यात अर्थ उरत नाही. इतके करूनही ४७ ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात एखादे शिखर शिल्लक राहील, कारण तिथे पोहोचणारी जाडी दहा बाय बाराच्या खोलीत मावत नाही. ते शिखर इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक पट्ट्याचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, खाली आणावे. खड्डा मात्र इक्वलायझरने भरायला जाऊ नये: तिथे तरंग एकमेकांना पुसून टाकत असतात, ॲम्प्लिफायरवर ताण वाढतो आणि खड्डा तिथेच राहतो, अशा वेळी आसन वीतभर पुढे किंवा मागे घेऊन पुन्हा मोजावे.